टाचणीमावशींची उलटी बाही

बोलतानासुद्धा ओठांत दोन-तीन टाचण्या असायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना टाचणीमावशी म्हणे. मोठ्या दुकानातली नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं मशीन मांडलं, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम: एका गायिकेचं मखमली जॅकेट. ते पसंत पडलं तर तिच्या सगळ्या साथीदारांचे कपडे मावशींकडे येणार होते.

दुपारी गायिकेनं जॅकेट अंगात घातलं, आरशात जेमतेम पाहिलं आणि म्हणाली, "नाइस! बटणं लावून ठेवा, संध्याकाळी कार्यक्रमाला जाताना नेते."

ती गेल्यावर मावशी जॅकेट घेऊन खिडकीशी उजेडात आल्या. डावी बाही उजवीपेक्षा काळी दिसत होती. मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, नाहीतर रंग वेगळा दिसतो. घाईघाईत ही बाही उलटी कातरली गेली होती.

खुर्चीत मावशींचे थोरले भाऊ चहा पीत बसले होते. जन्मभर त्यांनी इंग्रजी शिकवलेलं.

"दादा, ती नाइस म्हणाली. म्हणजे पसंत आहे ना रे?"

"आता तसाच अर्थ. पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे हा शब्द आला तेव्हा नाइस म्हणजे अजाण, ज्याला काही कळत नाही असा. मग झाला चोखंदळ, मग नाजूक, नेमका. नुसतं 'छान' हे फार पुढचं."

"म्हणजे तिला कळलं नाही, म्हणून छान!"

"अगं, मी शब्दाबद्दल बोलतोय."

"मी बाहीबद्दल. तू चहा पी."

पण चैन पडेना. मंचावरच्या झगझगीत दिव्याखाली कुणाला ना कुणाला कळणारच. मावशींनी बाही उसवली. उरलेलं कापड पसरून पाहिलं, तर अख्खी बाही निघेना. काखेखाली जोड द्यावा लागणार. त्यांनी कात्री उचलली. दादांनी कापड ताणून धरलं.

बाही टाचत असतानाच दारात गायिका. वेळेच्या आधी.

"अहो, याचा हात कुठाय?"

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "उलटा लागला होता. दिव्याखाली काळा दिसला असता."

"मला तर काही कळलंच नव्हतं!"

दादांना ठसका लागला.

मशीन धडधडलं. गायिका घड्याळाकडे बघत उभी. शेवटी तिनं जॅकेट घातलं, आणि या वेळी आरशासमोरून हलेचना. बाह्यांवरून हात फिरवला. मग काखेशी बोट थांबलं.

"ही शिवण?"

"जोड आहे. कापड पुरलं नाही." मावशींनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "हात वर केला तरच दिसेल."

"मी हात वर करूनच गाते हो."

गायिकेनं आरशात पाहत आधी डावा हात वर केला, मग तो सावकाश खाली घेऊन उजवा.

"आज एकच वर करीन," ती म्हणाली. "आणि उद्या साथीदारांना मापं द्यायला पाठवते. त्यांचे मात्र दोन्ही हात वर होऊ द्या."