फणसापासून हातभर लांब

अंगणात सरपणाची थप्पी रचत होतो, तर सून म्हणाली, “मामंजी, फणसाला टेकवा, म्हणजे पडायची नाही.”

“अगं, वाऱ्यात फणस हलला की तोच ढकलून देईल तिला.”

मी दोन्ही टोकांना एक थर आडवा, एक उभा असं रचत गेलो. वाळताना लाकूड आकसतं, थप्पी थोडी खचते, पण टोकं भक्कम असली की उभी राहते. माणसानंही वय झालं की खचावं खुशाल, दुसऱ्यावर रेलू नये.

सून हसली. “मग परवा न्हाणीत पडलात ते?”

“पडलो. उठलं कोण? मीच ना?”

मुलानं त्याच दिवशी बाजारातून मला काठी आणलीय. चांगली जाड, सरळ आहे. टोकाच्या थरात आडवी घातली, अगदी फिट बसली.