लिवर माझं, मालक गावभर

आजारपण आलं की घरात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग होतो, हे नर्स म्हणून मला माहीत होतं. लोकांच्या बोलण्याचाही तसाच ढीग होतो, हे बायको म्हणून कळलं. पाकिटं टाकून देता येतात. बोलणं टाकता येत नाही. आमच्याकडे लिवर ट्रान्सप्लांट झालं त्याला दोन वर्षं झाली, पण एकेक वाक्य आठवलं की राग अगदी ताजा!

मी मुकुटबनजवळच्या उपकेंद्रात नर्स. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

तर झालं असं, की मास्तरांचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली. मी म्हटलं, उद्याच यवतमाळला जाऊन सोनोग्राफी करू. संध्याकाळी ड्युटीवरून येते तर मास्तर खाटेवर आडवे, आणि कावीळ उतरवणारा एक बाबा त्यांच्या नाकात कसलासा रस पिळून राहिलेला! शेजारी सासूबाई हात जोडून उभ्या. नर्सच्या घरात!

मी ओरडले तर बाबा म्हणतो, "बाई, तुमी सुया टोचा. कावीळ आमचं काम हाय. पंधरा दिवसात उतरते."

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना एसटीत बसवलं. सोनोग्राफीत पित्ताच्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. पुढच्या तपासण्या नागपूरला झाल्या आणि निदान आलं. पित्तनलिकेचा कॅन्सर.

वर्षभरानं, सगळं पार पडल्यावर, तोच बाबा मास्तरांना बाजारात भेटला. डोळ्यांत निरखून पाहिलं आणि म्हणाला, "पाहा मास्तर, उतरली का नाही कावीळ? मी सांगतलंच होतं!"

*

नागपूरच्या सर्जननी कागदावर झाडासारखं चित्र काढून समजावलं. लिवरमधून पित्ताच्या दोन फांद्या बाहेर येतात, त्या जिथं जुळतात नेमका तिथं कॅन्सर बसलाय. दोन्ही बाजू धरल्यात, म्हणून नुसता कापून काढता येत नाही. पण बाहेर पसरलेला नाही. आधी किमो आणि रेडिएशन करू. तरीही पसरला नाही तर पूर्ण लिवर बदलू. "हे सगळ्यांना करता येत नाही," ते म्हणाले. "तुमच्या मिस्टरांना चालेल असं दिसतंय. पण खात्री मी देत नाही."

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. चुलत सासऱ्यांचं औषधांचं दुकान आहे, म्हणून घरात डॉक्टरचा मान त्यांना. ते म्हणाले, "कॅन्सरवाल्याले लिवर? चांगला माल खराब जागी कायले टाकता?"

मी म्हटलं, "काका, ती खराब जागा म्हणजे माह्या नवऱ्याचं पोट हाये!"

*

आता आपलं अर्धं लिवर काढून द्यायचं कोणी? धाकट्या दिराचा, संतोषचा, रक्तगट जुळला. आठवडाभर तो आमच्या घराकडे फिरकला नाही. मग आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, मले ट्रॅक्टर चालवा लागते. पोटाले टाके घेऊन कसं जमन?"

खरं सांगते, त्याचा मला राग आला नाही. भीती कोणाला वाटत नाही? मलाही वाटत होती. म्हटलं, माझी तपासणी करा. माझा रक्तगट ओ, म्हणजे कोणालाही चालणारा. लिवरही मापात बसलं.

राग आला तो पुढं. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि म्हणाल्या, "बरं झालं. तुले काय, तुह्यं तर बसूनच काम हाये!"

सात गावं, एक स्कूटी, खांद्याला लसींचा डबा. बसून!

*

दवाखान्याचा कारकून म्हणाला, "मॅडम, माहेरची संमती लागेल. वडील किंवा भाऊ."

मी एक्केचाळीस वर्षांची. वडील महागावला, पंच्याऐंशीच्या घरात. नसबंदीच्या फॉर्मवर बाईची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, हे गावोगाव भांडून सांगणारी मी! आणि माझ्या लिवरला बापाची सही?

म्हातारा माणूस एसटीनं नागपूरला आला. सही केली आणि कारकुनाला म्हणाला, "हिनं लहानपणी कधी माह्यं ऐकलं नाही. आता काहून विचारता?"

मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं माझी मुलाखत. कॅमेरा चालू. एका मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "ताई, मोकळेपणानं सांगा. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

मी म्हटलं, "आहे ना! सह्या आणायचा!"

*

किमो-रेडिएशन पार पडलं. ऑपरेशनच्या दिवशी आधी मास्तरांना आत नेलं. पोट उघडून गाठी तपासणार होते. पसरल्याचं दिसलं असतं तर तसंच शिवून परत, आणि मला आत न्यायचं कारणच नव्हतं. मी बाहेर हिरव्या गाऊनमध्ये बसून होते. दोन तास. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं पोट कापायला बोलवावं म्हणून देवाला विनवत होते.

सिस्टर आली. "चला."

मी तिथंच रडले.

तीन आठवड्यांनी घरी आलो. भेटायला आलेली माणसं शहाळं मास्तरांच्या हाती द्यायची आणि मला विचारायची, "मग आता सैपाक कोण करते?"

आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांनी तर कमाल केली. लसीकरणाची मोहीम होती. फोन करून म्हणाले, "सिस्टर, मी नेटवर वाचलं, लिवर परत वाढतं. मग तीन महिने रजा कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, नखंही परत वाढतात. उपटून पाहा एखादं!"

*

यंदा महिला दिनाला ग्रामपंचायतीत माझा सत्कार ठेवला. तालुक्याहून एक पुढारी आले होते. माझ्या हातात शाल-श्रीफळ देऊन त्यांनी अर्धा तास भाषण केलं. "सावित्रीनं यमाकडून नवरा परत आणला, या माउलीनं कॅन्सरकडून आणला! प्रत्येक घरात अशी सावित्री पाह्यजे!" पुरुषांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. बायांपेक्षा जास्त.

मग माइक माझ्याकडे आला.

मी म्हटलं, "सत्काराबद्दल आभारी आहे. फक्त एक विचारते. इथं बसलेल्यांपैकी आपल्या बायकोला अर्धं लिवर कोण देईल? हात वर करा."

पुढारी मोबाइल पाहू लागले. सरपंच मागं वळून म्हणाले, "अबे, चहा आला का पाहा बरं."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. मास्तरांचा.

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही हात खाली घ्या. तुमच्यापाशी आहे ते माझंच आहे!"