डोळे धुण्याचं पाणी

मावशीच्या हातात ससा दिला की तो गप्प बसायचा, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. औषधं माणसांना देण्याआधी तपासून बघणारी ती कंपनी. तिच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या शेडला लागून, प्राण्यांची खोली होती. खिडक्या कायमच्या बंद, बारा महिने एकसारखा गारवा, आणि भुशाचा आणि फिनेलचा मिळून झालेला एक वास, जो घरी जाऊन अंघोळ केली तरी केसांतून जात नसे. बारा वर्षं मावशी तिथे पिंजरे धूत होती, भुसा बदलत होती, पाण्याच्या बाटलीची प्रत्येक नळी दाबून थेंब येतो का ते बघत होती. तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मोठ्या साहेबांपासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची ती मावशीच.

जोडीला एक माणूस होता, काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. मनाने लोणी, पण हात दगडाचे. ससा धरताना मागचे पाय मोकळे राहिले तर तो एकच झटका मारतो आणि त्या झटक्याने त्याची स्वतःचीच पाठ मोडते. पैलवानाच्या हातून असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला तो फरशीवरच फतकल मारून बसला आणि म्हणाला, "मावशी, तूच धरत जा गं बाई. माझ्या हाताला यश नाही." तेव्हापासून धरण्याचं काम मावशीकडे आलं. सशाचं डोकं आपल्या काखेत, एक हात छातीखाली, दुसऱ्याचा मागच्या पायांना आधार. धरलं की ती पुटपुटत राहायची. देवाचं नाव असायचं ते. सशाला वाटायचं, आपल्याशीच काहीतरी बोलतेय.

"हातगुण आहे हो तुमच्यात," मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य. स्वभावाने सरळ, कामाला वाघ. एकदा चहा घेताना त्यांनी सांगितलं होतं, "शाळेत पहिल्यांदा बेडूक कापायला दिला तेव्हा मी चक्कर येऊन पडले. पोरी आठवडाभर हसत होत्या. पुढच्या वर्षी वर्गात सगळ्यात साफ हात माझा. सवय होते मावशी."

"मला बारा वर्षं झाली, मॅडम. नाही झाली."

"म्हणून तर ते तुमच्याकडे गप्प राहतात," मॅडम म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

घरी मावशी आणि तिचा नवरा, दोघंच. नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करण्याचं छोटं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं बारीक चाकं फिरवली, आणि मग काचबिंदू निघाला. डावा डोळा कळायच्या आत गेला. उजवा थेंबांवर टिकून होता. सकाळी कामाला निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मावशी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने त्याच्या पापण्या पुसायची, मग थेंब घालायची.

"दिवसभर सशांच्या डोळ्यांत, घरी आली की माझ्या," तो म्हणायचा. "तुझ्या हिशेबी मी पण एक ससाच. कान तेवढे लहान."

"आणि तोंड मोठं. मिटा डोळा. पाच मिनिटं उघडायचा नाही."

हे थेंबसुद्धा कधीतरी कुठल्यातरी सशाच्या डोळ्यात पडून आलेत, हे तिला मॅडमनीच सांगितलं होतं. सकाळी देवापुढे हात जोडले की नवऱ्याच्या डोळ्यासाठी मागणं सोपं होतं. सशांसाठी काय मागावं ते तिला सुचत नसे. सुटका मागावी, तर त्या खोलीत सुटका कशाला म्हणतात तेही तिला ठाऊक होतं.

त्या वर्षी काचबिंदूचंच नवं औषध तपासायला आलं. अठरा ससे, पिंजऱ्यांवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या. पांढरी म्हणजे औषध अगदी पातळ, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे सगळ्यात कडक. सकाळी दहाला आणि दुपारी चारला प्रत्येकाच्या उजव्या डोळ्यात एक थेंब. डावा तसाच, ताडून बघायला. मावशी धरायची, मॅडम थेंब घालायच्या. मग अर्धा तास सशाला अशा पेटीत ठेवायचं की डोकं तेवढं बाहेर राहील, म्हणजे त्याला पंजाने डोळा चोळता येऊ नये. मॅडम नोंदी करायला आपल्या खोलीत जायच्या, पैलवान चहाला जायचा. तो अर्धा तास मावशीचा एकटीचा.

ससा ओरडत नाही. बारा वर्षांत मावशीने सशाचा आवाज दोनदाच ऐकला होता, तो पैलवानाच्या हातात. एरवी दुखलं की तो दात घासतो. बाहेरच्या माणसाला ते ऐकूही येणार नाही. तिसऱ्या दिवशी लाल चिठ्ठीच्या सहाही पेट्यांमधून ते घासणं येऊ लागलं. पापण्या सुजल्या, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल रेषा उतरल्या. त्या सहांत एक वाकड्या कानाची होती. मावशी तिला लोंबकानी म्हणायची. जवळ घेतलं की मावशीच्या ॲप्रनचा बंद तोंडात धरून चघळत बसायची ती. किती बंद तिने कुरतडले त्याची गणती नाही. तिसऱ्या दिवशी बंद तोंडाशी नेला तरी तिने धरला नाही.

चौथ्या दिवशी मावशी घरून नवऱ्याचं डोळे धुण्याचं पाणी डबीत घेऊन आली, सोबत स्वच्छ कापूस. मॅडम गेल्या, पैलवान गेला. तिने लोंबकानीचा डोळा धुतला. घासणं हळूहळू थांबलं. मग तिच्या मनात आलं, हिचा एकटीचा धुतला आणि पाचांचा नाही, तर देव काय म्हणेल? तिने सहाही डोळे धुतले.

असं अकरा दिवस चाललं. तिला त्यात लबाडी वाटली नाही. थेंब पडत होता, मापाने पडत होता, एकही चुकला नव्हता. नंतर जरासं पाणी. आजारी माणसाच्या तोंडात कडू काढा ओतल्यावर खडीसाखर ठेवतो तसं, इतकंच तिला वाटलं. लाली उतरली. लोंबकानीने पुन्हा बंद धरला.

पंधराव्या दिवशी मॅडम स्वतः चहाचा ट्रे घेऊन आल्या. असं कधी होत नसे.

"मावशी, लाल चिठ्ठी पास! सगळ्यात कडक औषध, आणि डोळे बघा, आरशासारखे. पहिले तीन दिवस लाली होती, मग डोळ्यांना सवय झाली."

"आता पुढे काय, मॅडम?"

"आता माणसं. काचबिंदूची चाळीस माणसं घेणार. लाल चिठ्ठीचंच औषध द्यायचं ठरतंय. तुमच्या मालकांचं नाव देऊ का? एकच डोळा उरलाय म्हणत होतात ना? बरं वाटेल त्यांना."

मावशीचा चहा तसाच राहिला. वर साय धरली.

संध्याकाळी नवऱ्याचा डोळा पुसताना तिच्या हातात तीच डबी होती. नाव देऊ नका म्हणून सांगावं, आपलं घर वाचलं की झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचीच तिला लाज वाटली. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डोळा मिटून ऐकत राहिला.

"चाळीस म्हणालीस?"

"चाळीस."

"मग सांगून टाक की उद्या."

"सांगितलं तर पहिल्यापासून सुरू करतील. नवे ससे आणतील."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, तरी त्याने डोळा उघडला नाही. "मला नको विचारूस गं," तो शेवटी म्हणाला. "माझा डोळा आहे ना यात. मी काहीही म्हटलं तरी ते खोटंच ठरेल."

दुसऱ्या दिवशी मावशीने मॅडमपुढे डबी ठेवली.

मॅडमनी आधी डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "किती दिवस?"

"अकरा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. लाल चिठ्ठीचे सगळे."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि नोंदींची वही मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही सहा सशांवर दया केली, मावशी. आता वरचे म्हणणार, जुनं काहीच धरायचं नाही. हे अठरा फुकट गेले. नवे छत्तीस लागतील."

"या सहांना तरी—"

"यांचा काय उपयोग आता?"

"मला काढून टाका, मॅडम."

"साहेब तेच म्हणतील. मी नको म्हणणार." मॅडमचा आवाज एकदम थकल्यासारखा झाला. "छत्तीस ससे पैलवान धरणार का? तुम्हीच सांगा. किती पाठी मोडतील?"

नोकरी सोडून घरी बसायला कोणी अडवलं नव्हतं. पण घरी बसून ती काय करणार होती? पैलवानाचे हात आठवत बसणार होती.

अठराही सशांचा निकाल त्याच आठवड्यात लागला. प्राण्यांचे डॉक्टर कायमचं झोपवायची सुई भरायचे, मावशी धरायची. शेवटच्या सहांत लोंबकानी होती. डोळा बरा झालेला, तब्येत ठणठणीत. काखेत घेताच तिने सवयीने ॲप्रनचा बंद तोंडात धरला आणि चघळू लागली. मावशीने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, "धरलंय ना नीट?" तिने मान हलवली. काम झाल्यावर ओला बंद सोडवून घ्यायलाही तिला जोर करावा लागला नाही.

सोमवारी गाडी आली. ड्रायव्हरने खोकी उतरवताना नेहमीप्रमाणे आवाज दिला, "घ्या मावशी, तुमची लेकरं आली!" पैलवानाने त्याला कोपर मारलं तेव्हा तो गोंधळून गप्प झाला. छत्तीस ससे, पांढरेशुभ्र, गाडीच्या हिसक्यांनी भेदरलेले. मावशी एकेकाला उचलून पिंजऱ्यात ठेवत गेली आणि एकेक तिच्या हातात शांत होत गेला. छत्तीसांतला एकही धडपडला नाही.

या खेपेला साहेबांचा हुकूम होता की अर्धा तास मावशीने एकटीने राहायचं नाही. पैलवानाने समोर उभं राहून लक्ष ठेवायचं आणि वहीत सही करायची. पहिल्याच दिवशी मॅडम गेल्यावर पैलवानाने दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी काही बघत नाही, मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझं तू बघ."

मावशी जागची हलली नाही. धुवायचं तर या छत्तीसांनंतर आणखी किती, हे तिला आता कळलं होतं. आपले दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले आणि पेट्यांसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. घरी देवापुढे ती आताशा उभी राहायची, हात जोडायची, आणि काही न मागता परत फिरायची. ससे धरताना पुटपुटणं तर थांबलंच होतं. सशांना त्याने काही फरक पडला नाही. ते पहिल्यासारखेच गप्प राहत.

तिसऱ्या दिवशी दात घासण्याचा आवाज सुरू झाला. एका पेटीतून, मग दुसऱ्या, मग सगळ्या लाल चिठ्ठ्यांतून. पैलवानालाही आता तो ऐकू यायला लागला होता. त्याचे खांदे वर चढले, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"झाला का गं अर्धा तास?" भिंतीकडे बघतच त्याने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "अजून एकवीस मिनिटं आहेत."