आर्डिस क्वामचा एकच प्रश्न

आर्डिस क्वाम आमच्या लिंडॉलच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळायची. थंडीच्या दिवसांत राजम्याची तिखट चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचा गोड रोल, हे तिचं हुकमी जेवण. आमच्या आयोवा राज्याबाहेरची माणसं या जोडीला नाक मुरडतात. मुरडोत बापडी. गावाच्या दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन वाढल्या, त्यात मीही आले. पुढे मी केस कापायचं दुकान काढलं आणि दर शुक्रवारी शाळा सुटली की आर्डिस माझ्या खुर्चीत येऊन टेकायची. अंगाला पिठाचा आणि दालचिनीचा वास. सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर टाकायची आणि म्हणायची, "जोलीन, डोक्याचं काय करायचं ते कर, पायाला हात लावू नकोस."

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचं आमच्याकडे अप्रूप नाही. देशातला पहिला कौल आयोवाचा, म्हणून दर चार वर्षांनी झाडून सगळे आमच्या दारात येतात. धान्याच्या कोठारात हात मिळवतात, कॅमेरा दिसला की गाईच्या पाठीवरून हात फिरवतात. एकाने तर आर्डिसच्या घरी कॉफी पिऊन आपला कप स्वतः विसळला होता. "बाई, नंतर मला तो परत घासावा लागला," असं ती सांगायची.

त्या वर्षी तिचा जीव जडला तो सिनेटर ग्रेडी लॅथ्रॉप यांच्यावर. उन्हाळ्यातल्या जत्रेत त्यांनी उन्हात उभं राहून तिची शाळेच्या जेवणाबद्दलची सगळी तक्रार ऐकून घेतली. पुढच्या खेपेला आले तेव्हा तिचा नवरा मर्ल याच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण ठेवून चौकशी केली. झालं, आर्डिस त्यांची झाली. आमच्या वॉर्डातली त्यांची प्रमुख कार्यकर्ती म्हणून दारोदार फिरायला लागली. अंगणात त्यांच्या नावाची पाटी, गाडीवर पाटी. मर्ल म्हणायचा, "आता फक्त माझ्या पाठीवर लावायची राहिलीय."

त्याच शरद ऋतूत नेजादला नेलं.

नेजाद होजिच बोस्नियातून आलेला. लढाईत भाऊ गमावून बायको सेनिहासोबत आमच्या गावात आला आणि शाळेत बॉयलर, नळ, दिवे बघायला लागला. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी आर्डिसने अख्ख्या शाळेला केक खिलवला होता. त्याची बॉयलरची खोली आणि तिचं स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत. नळ गळला की ती भिंतीवर लाटणं आपटायची आणि तो धावत यायचा.

त्या सकाळी ती कणीक लाटत होती. गडद जाकिटं घातलेली तीन माणसं नेजादला दोन्ही दंडांना धरून बाहेर घेऊन आली. त्याचे हात ग्रीसने काळे झाले होते.

"हात तरी धुऊ द्या," तो म्हणत होता.

आर्डिस लाटण्यासकट आडवी आली. "कुठे नेताय त्याला?"

"मॅडम, तुम्ही तुमचं काम करा."

"जेवायला घालणं हेच माझं काम आहे, आणि हा अजून जेवलेला नाही."

त्यांनी तिला हळूच बाजूला सारलं आणि गेले.

सेनिहाला घेऊन आर्डिस आधी शेरिफकडे गेली. शेरिफ तिच्याच हातचं जेवलेला. तो मान खाली घालून म्हणाला, "मला विचारू नकोस, आर्डिस. मलाही ते गेल्यावर कळलं." मग राजधानीतल्या, डे मॉइनच्या, एका वकिलाला गाठलं. त्याने चार ठिकाणी फोन फिरवले आणि सांगितलं की अटकेचा हुकूम थेट राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा आहे, देशाच्या सुरक्षेसाठी. आरोप ठेवलेला नाही, म्हणून खटला नाही. खटला नाही, म्हणून न्यायाधीशासमोर उभं करणं नाही. वकिलाला भेट नाही. कुठे ठेवलंय तेही सांगत नाहीत.

"म्हणजे तेता आर्डिस," सेनिहाने विचारलं. त्यांच्याकडे मावशीला तेता म्हणतात. "मी त्याचा स्वेटर कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

सेनिहा गाडीत बसेपर्यंत रडली नाही. "बोस्नियात माझ्या दिराला असंच नेलं होतं," एवढंच म्हणाली आणि घरापर्यंत स्वेटर मांडीवर घेऊन बसली.

गाव काही वाईट नाही आमचं. सेनिहाच्या दारात घरोघरी भाजलेल्या कॅसरोलची भांडी येऊन पडली, तिच्या अंगणातला बर्फ कुणी ना कुणी काढत राहिलं. पण माझ्या दुकानात कुजबुज चालायचीच. एकदा बँकेतली व्हर्ना माझ्याकडून केस धुऊन घेताघेता म्हणाली, "काहीतरी असेलच गं. उगाच कुणाला नेत नाहीत."

आर्डिस ड्रायरखाली होती. मला वाटलं तिला ऐकू जाणार नाही. तिने ते टोपडं वर ढकललं.

"असेल तर सांगू दे ना न्यायाधीशाला! तो चोर आहे की साव हे मला ठाऊक नाही, व्हर्ना. पण तुलाही ठाऊक नाही, आणि जे ठरवायला बसलेत त्यांना कुणी विचारतच नाही."

"तुझा तो जवळचा होता म्हणून तू..."

"होता नाही. आहे."

घरीही तेच. मर्ल जुना सैनिक. त्याचं मत पक्कं होतं. "लढाई चालू असताना वरच्या माणसाचे हात मोकळे लागतात, आर्डिस. प्रत्येक वेळी कोर्टात धावायला वेळ नसतो."

"ते मोकळे हात आत्ता नेजादच्या मानेवर आहेत."

"मी काय नेजादचं वाईट चिंतलं का?"

"नाही चिंतलंस. जेव आता."

तिची सगळी आशा लॅथ्रॉप यांच्यावर. सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, त्याच्यावर तर ते रोज तोंडसुख घेत होते. डिसेंबरात ते तिच्याच घरी कॉफीला येणार होते. तिने सेनिहालाही बोलावलं. सेनिहा पालकाची 'पिता', म्हणजे त्यांच्याकडची सारण भरलेली पापुद्र्यांची रोटी, घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. बैठकीत पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसली होती. मी जिन्याच्या पायरीवर.

सिनेटर छान बोलले. मग प्रश्नांची वेळ झाली तेव्हा आर्डिस उभी राहिली. हातात काहीच नव्हतं, तरी एप्रनला हात पुसत होती.

"माझा एकच प्रश्न आहे. तुम्ही राष्ट्राध्यक्ष झालात, तर या देशाच्या नागरिकाला न्यायाधीशासमोर न नेता, नुसत्या तुमच्या सहीवर कोंडून ठेवायचा अधिकार तुम्हाला असेल का? आणि असला तर तुम्ही तो वापराल का?"

"आर्डिस, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात," सिनेटर म्हणाले. "आपली मूल्यं आणि आपली सुरक्षा, दोन्ही सांभाळावी लागतात. आत्ताच्या सरकारने अधिकारांचा गैरवापर केलाय यात शंका नाही. माझ्या हातात ते अधिकार अत्यंत जबाबदारीने..."

"म्हणजे तुमच्या हातातही ते असणार."

"प्रत्येक प्रसंग वेगळा असतो."

"हो की नाही, एवढंच सांगा."

हशा पिकला. सिनेटरही हसले. "बघा, मी वॉशिंग्टनमध्ये सांगत असतो, खरी उलटतपासणी आयोवाच्या स्वयंपाकघरात होते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं. ते निघताना आर्डिसने सेनिहाला पुढे करून नेजादचं सांगितलं. त्यांनी आर्डिसचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याची फाईल मी स्वतः बघतो."

"फाईल नाहीच आहे," आर्डिस म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी."

गाड्या गेल्या. सेनिहाने त्या 'पिता'चे तुकडे कापून सगळ्यांना वाढले. आर्डिस बूट चढवून बाहेर गेली, गोठलेल्या जमिनीतून पाटी उपटता येईना म्हणून लाथा घालून ती वाकडी केली, आणि मोडूनच आत आणली. मर्ल बघत राहिला.

"अगं, तो बाकीच्यांपेक्षा बरा आहे."

"बरा आहेच. मला राग त्याचाच आलाय."

जानेवारीत कॉकस झाली. आमच्याकडे ही पक्षाची निवड मतपेटीत होत नाही. सगळ्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि ज्याला पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात, सगळ्या गावासमोर उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नसतील, त्यांना दुसरीकडे जायची एक संधी. कुणीच पसंत नसेल त्यांच्यासाठीही एक जागा असते. त्या जागेची पाटी बास्केटबॉलच्या गुणफलकाखाली लावली होती आणि तिथे कुणीही नव्हतं.

आर्डिस आत आली. लॅथ्रॉपच्या कोपऱ्यातून तिची माणसं हाका मारायला लागली. त्यातल्या अर्ध्यांना तिनेच तयार केलं होतं. मर्लही तिथेच. ती मैदानाच्या मधोमध क्षणभर थांबली आणि गुणफलकाखाली जाऊन उभी राहिली. एकटी. अंगात चर्चला जायचा निळा कोट.

"आर्डिस, चुकलीस गं! इकडे!" कुणीतरी ओरडलं.

"चुकले नाही."

मी त्या रात्री सभेच्या अध्यक्षाच्या टेबलाशी मोजणीला होते, मला जागा सोडता येत नव्हती. तिच्याकडे दोन म्हातारे शेतकरी गेले, त्यांना कुणीच आवडत नव्हतं. शाळेची ग्रंथपाल गेली. शेरिफची बायको गेली, तेव्हा मात्र सगळ्या व्यायामशाळेच्या माना तिकडे वळल्या. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. कोपरा बदलायच्या त्या संधीच्या वेळी लॅथ्रॉपची माणसं मर्लच्या मागे लागली, "जा, तुझ्या बायकोला समजाव." मर्ल लंगडत मैदान ओलांडून तिच्यापर्यंत गेला.

"थंडी वाजतेय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"पाय?"

"पाय दुखतायत."

त्याने एक घडीची खुर्ची उघडून तिला दिली आणि परत आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तिचा गट बाद झाला. बाकीचे दुसरीकडे पांगले. ती खुर्चीवर बसून राहिली. लॅथ्रॉप आमचा वॉर्ड जिंकले.

निकाल लागला की माणसं कोट शोधायला लागतात. ठराव त्यानंतर मांडायचे असतात आणि तोवर हॉल रिकामा होतो. अध्यक्षाने विचारलं, "कुणाचा काही ठराव?" आर्डिस उठली. म्हणाली, "कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने, आपल्या पक्षाच्या असो वा त्यांच्या, कुठल्याही माणसाला न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोंडून ठेवू नये. लिहून घ्या."

"अनुमोदन?"

तिच्याबरोबर उभे राहिलेले शेतकरी केव्हाच गेले होते. ग्रंथपाल बाहेर गाडी गरम करत होती. मी टेबलाशी होते, म्हणून माझा हात कामाचा नव्हता. मग मागून मर्लचा आवाज आला, घसा खाकरून.

"माझं अनुमोदन." आणि पाठोपाठ, कुणी काही विचारायच्या आत, "मला हे सगळं पटलंय असं नाही. पण 'आपल्या पक्षाच्या असो' हे ती म्हणाली ते मला आवडलं."

ठराव मंजूर झाला. पुढे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेत त्याची धार जरा बोथट करण्यात आली, राज्याच्या सभेत आणखी. तरी पक्षाच्या जाहीरनाम्यात कुठेतरी आतल्या पानावर त्याचं एक वाक्य उरलं. आर्डिसने ते मला दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. "हाडं तेवढी ठेवलीत," ती म्हणाली. खूश होती की चिडली होती, मला अजून सांगता येत नाही.

नेजाद लिलाक फुलायच्या सुमारास परत आला. एका संध्याकाळी त्याला बसस्टँडवर सोडून दिलं. आरोप नाही, माफी नाही, का नेलं तेही नाही. नंतर वकिलाने काढलेल्या अंदाजाप्रमाणे कुठल्यातरी दुसऱ्याच होजिचला शोधत होते. तो निम्मा झाला होता. शाळेने नोकरी परत दिली, पण बॉयलरच्या खोलीचं दार त्याला बंद करवेना. आर्डिसनेच मर्लकडून ते दार बिजागरीतून काढून घेतलं. आग लागली तर काय, म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले. "आग लागली तर तो लवकर बाहेर येईल," तिने सांगितलं.

लॅथ्रॉप राष्ट्राध्यक्ष झाले. आर्डिसने नोव्हेंबरात मत त्यांनाच दिलं, हेही सांगायला हवं. त्यांनी काही गोष्टी बदलल्या. तो सहीचा अधिकार मात्र कायद्यात जसा होता तसाच ठेवला. आम्ही वापरणार नाही, असं म्हणाले. पुढे गावात जो जो उमेदवार आला, दोन्ही पक्षांचा, त्याला आर्डिसने तोच प्रश्न विचारला. बहुतेकांनी कौतुक केलं. स्वच्छ "नाही" म्हणणारा एकच निघाला, कुठल्यातरी लहान शहराचा महापौर. त्याला राज्यात कुणी ओळखत नव्हतं.

त्याच्यानंतरच्या कॉकसला नेजाद पहिल्यांदा आला. आर्डिस त्या महापौराच्या कोपऱ्यात, सोबत ग्रंथपाल, सेनिहा आणि मी. तेव्हा मी मोजणी सोडली होती. आर्डिसने नेजादसाठी शेजारी जागा राखली होती. तो आत आला, सगळीकडे नीट पाहिलं आणि सरळ जाऊन मर्लशेजारी उभा राहिला. त्या कोपऱ्यातला उमेदवार बाहेरून आलेल्या नेजादसारख्यांच्या बाबतीत सगळ्यात कडक बोलणारा.

आर्डिस लालबुंद झाली. "नेजाद! तो माणूस काय बोलतो ते ऐकलंयस का तू?"

"ऐकलंय, तेता आर्डिस. ते मला नाही आवडत," तो मैदानापलीकडून म्हणाला. "पण गावातला बंद पडलेला कारखाना तो परत सुरू करेल. माझ्या पोराला इथेच काम मिळायला हवं."

"मी तुझ्यासाठी उभी राहिले इथे, त्या बोर्डाखाली!"

"माहीत आहे. म्हणून तर मी आज कुठेही उभा राहू शकतो."

लोक हसले. आर्डिस हसली नाही. सगळी सभा ती तोंड फिरवून बसली होती आणि सेनिहा तिची पाठ थोपटत होती.

बाहेर बर्फाचं वादळ सुटलं होतं, नेजादची गाडी सुरूच होईना. मर्लने सगळ्यांना आपल्या ट्रकमध्ये कोंबलं, मलाही. पुढे मर्ल आणि नेजाद, मागे आम्ही तिघी. अर्ध्या वाटेवर आर्डिस पुढे वाकून म्हणाली, "कारखाना सुरू करणार म्हणे. कशाच्या जोरावर, ते विचारलंस का त्याला?"

"नाही," नेजाद म्हणाला.

"मग विचार! परत येईल तो उन्हाळ्यात जत्रेला, तेव्हा मी नेते तुला. तू तुझा प्रश्न विचार, मी माझा विचारते." आणि मर्लला म्हणाली, "हळू चालव रे, पुढे काही दिसत नाहीये."