खोडलेली ओळ

परवा नॉटिंगहॅमच्या, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये बेसबॉलचा जुना चामडी हातमोजा दिसला. त्याचा तेलकट वास येताच वीस वर्षांपूर्वीचे ते वृद्ध क्यूबन गृहस्थ जणू पुन्हा माझ्या टेबलासमोर येऊन बसले; तेव्हा मी इथेच लोकांचे अर्ज लिहून देत असे.

तरुणपणी ते अमेरिकेत एका क्लबकडून खेळले. गोरे सहकारी हॉटेलात उतरत. यांचा वर्ण काळा, म्हणून हे बसमध्येच झोपत. क्लबच्या भिंतीवरील खेळाडूंच्या यादीतही यांचे नाव नव्हते. ते लिहिले जावे, यासाठी त्यांना अर्ज हवा होता.

माझ्या अर्जलेखनाचा लौकिक सर्वश्रुत आहे. शेवट मी रीतसर केला: ‘एवढी कृपा व्हावी, ही नम्र विनंती.’

त्यांनी ती ओळ खोडली. “मी तिथे खेळलो आहे. कृपा कसली?”

“साहेब, अर्जाची एक रीत असते.”

“तुमची असेल.”

पक्की प्रत करताना मी ती ओळ गुपचूप परत घातली. तेव्हा वाटले, आपण त्यांचे काम वाचवले. त्यांनी विश्वासाने, न वाचताच सही केली.

महिन्याने उत्तर आले: अशी कृपा करण्याची क्लबची प्रथा नाही.

त्यांनी ते दोनदा वाचले. “कृपा मागितली कोणी?”

“मोठ्या क्लबांची भाषाच तशी असते,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, माझे आभार मानले आणि ते निघून गेले.