अर्धा सूर खाली

राष्ट्रीय संगीत विद्यालयाच्या दारावर पितळी पाटी होती आणि ती रोज सकाळी घासूनपुसून लख्ख केली जायची. आत जे संगीत चालायचं त्याची एवढी निगा कुणी राखत नव्हतं, असं तारवाल्याचं मत होतं, आणि ते बनायला त्याला सव्वीस वर्षं मिळाली होती. तो तिथले पियानो सुरात लावायचा. तारवाला हे नाव प्राध्यापकांनीच ठेवलेलं. खरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

एकेचाळीस पियानो होते. त्यांतले सहा प्राध्यापकांच्या खोल्यांत. त्यांवर फुलदाण्या असायच्या, त्यामुळे ते दर आठवड्याला लावायचे. उरलेले तळघरातल्या सरावाच्या खोल्यांत, जिथे मुलं सकाळपासून बोटं मोडून घ्यायची. ते वर्षातून एकदा. असं का, म्हणून त्यानं एकदा संचालकांना विचारलं होतं.

"अहो, मुलं अजून शिकताहेत," संचालक म्हणाले. "त्यांना कुठे कळतंय?"

त्या दिवसापासून तारवाल्यानं विद्यालयात तोंड उघडणं बंद केलं आणि घरी जेवताना सुरू केलं. व्हायोलिनचे प्राध्यापक कसे डोळे मिटून बेसूर वाजवतात, गायनाच्या बाई आवाजावर कमी आणि शालीवर जास्त मेहनत कशी घेतात, संचालक पाहुण्यांसमोर गेली वीस वर्षं तेच एक पान कसं वाजवतात आणि दुसऱ्या पानाशी आले की त्यांना नेमका फोन कसा येतो, हे सगळं तो साभिनय करून दाखवायचा. "नाव मोठं, लक्षण खोटं," हे शेवटचं वाक्य ठरलेलं. मुलगी ठसका लागेपर्यंत हसायची. बायको म्हणायची, "खाल्ल्या मिठाला तरी जागा." पण हसायची तीही.

आणि याच विद्यालयात मुलीला घालायचं, हा त्याचा हट्ट होता.

कारण उघड होतं. देशातल्या कुठल्याही शाळेत संगीत शिकवायचं, कुठल्याही वाद्यवृंदात खुर्ची मिळवायची, तर या विद्यालयाचा शिक्का लागायचा. शिक्का नसलेल्यानं फार तर हॉटेलात लोकांच्या जेवणामागे वाजवावं, नाहीतर तारवाला व्हावं. मुलगी वाजवायची सुरेख. विद्यालयानं मोडीत काढलेला एक पियानो त्यानं घरी आणला होता, त्यावर ती पाच वर्षांची असल्यापासून बसायची. पियानो म्हातारा, तारा गंजलेल्या. पूर्ण ताण दिला असता तर पटापट तुटल्या असत्या. म्हणून, अशा वाद्याला कुठलाही कारागीर करतो तेच त्यानं केलं होतं: सगळा पियानो अर्धा सूर, म्हणजे एका पट्टीनं, खाली लावून ठेवला होता.

प्रवेश परीक्षेत वादनात मुलगी पहिली आली. कानाच्या परीक्षेत तिला शून्य मिळालं.

ही परीक्षा सोपी. परीक्षक बाई पियानोची एकेक पट्टी दाबतात, उमेदवारानं पाठ फिरवून उभं राहायचं आणि सूर ओळखायचा. पांढरी एक, काळी तीन, जो असेल तो. तीस सूर, प्रत्येकाला दोन सेकंद. तारवाला उत्तरपत्रिका बघायला गेला आणि उभ्या उभ्या वरून खाली वाचत गेला. बाईंनी पांढरी एक दाबली होती, मुलगी म्हणाली होती काळी एक. बाईंनी काळी एक दाबली, ती म्हणाली पांढरी दोन. तिसाव्या ओळीपर्यंत तेच.

"बाई, ही दर वेळी बरोबर एकच पट्टी पुढे आहे," तो म्हणाला. "हिला कान नसता तर चुका इकडेतिकडे झाल्या असत्या. हा तर असा कान आहे की..."

"तीसपैकी तीस चूक," बाई म्हणाल्या. "अहो, नुसतं ठोकून देणाऱ्यांचेसुद्धा चारदोन बरोबर येतात!"

एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. अशा माणसासमोर डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. पण जिना उतरताना तारवाल्याला बाईंपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. बाई मूर्ख होत्या, हे त्याला आधीपासून माहीत होतं. आपण मूर्ख आहोत, हे नवीन होतं. गावभरचे पियानो नेमक्या सुरात लावणाऱ्यानं स्वतःच्या मुलीचा कान बारा वर्षं अर्धा सूर खाली लावला होता, आणि एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

नियमाप्रमाणे महिन्याभरानं फेरपरीक्षा मिळायची. ती संचालक स्वतः, आपल्या खोलीत घ्यायचे. तारवाल्यानं घरचा पियानो वर ओढून पाहिला. पहिल्याच संध्याकाळी तीन तारा तुटल्या. मग मुलीला सांगितलं, जे ऐकू येईल त्याच्या मागची पट्टी सांगायची. तिनं दोन दिवस प्रयत्न केला. आईला मावशी म्हणायला लावल्यासारखं तिला व्हायचं. खरं नाव आधी तोंडात यायचं आणि दोन सेकंद संपायचे. तिसऱ्या दिवशी ती रडायला लागली.

मुलीचा कान बदलणार नव्हता. मग पियानोच बदलायचा, असं तारवाल्यानं ठरवलं.

संचालकांच्या खोलीतला पियानो तो दर सोमवारी लावायचाच. चार सोमवारी त्यानं तो थोडा थोडा उतरवत नेला. पहिल्या आठवड्यात तो भीत भीतच खोलीबाहेर पडला. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात संचालकांनी पाहुण्यांसमोर आपलं ते एक पान वाजवलं, टाळ्या पडल्या. तिसऱ्या आठवड्यात व्हायोलिनच्या प्राध्यापकांनी त्या पियानोवरून आपल्या तारा जुळवल्या आणि म्हणाले, "आज वाद्य काय गोड बोलतंय!" चौथ्या सोमवारी पियानो पूर्ण अर्धा सूर खाली गेला. तारवाल्याला भीती वाटायची थांबली होती. आता त्याला नुसती शिसारी येत होती.

फेरपरीक्षेला तो दाराशी हत्यारांची पिशवी घेऊन उभा राहिला. मुलगी पाठ फिरवून उभी होती. संचालकांनी पहिली पट्टी दाबली. मुलीची मान किंचित वळली. मग ती म्हणाली, "पांढरी चार."

संचालकांनी बोटाखालच्या पट्टीकडे पाहिलं आणि खूण केली. दर वेळी ते असंच बघायचे. तीसपैकी तीस.

"पाहिलंत?" ते तारवाल्याला म्हणाले. "महिनाभर मन लावून अभ्यास केला की कान तयार होतो. आम्ही उगाच नापास करत नाही."

"खरं आहे साहेब," तारवाला म्हणाला. "उपकार झाले तुमचे."

जिन्यात मुलगी थांबली. हातात प्रवेशाचा कागद होता.

"बाबा, तुम्ही पियानो उतरवलात."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि त्यांना कळलंसुद्धा नाही?"

"महिनाभर," तो म्हणाला. त्याला हसू आलं. तीही हसेल, जेवताना हसते तशी, असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"मग ही माणसं मला काय शिकवणार?"

"शिकायचं कुणाला आहे इथे?" तो म्हणाला. "शिक्का घ्यायचा आणि बाहेर पडायचं. जगात असंच चालतं. जरा वाकायला शीक."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कागदाची घडी घातली आणि पुढे चालायला लागली. ती नजर तारवाल्याच्या चांगली ओळखीची होती. सव्वीस वर्षं तो संचालकांकडे तशीच बघत आला होता.