दुसरी नळी

आमच्या नर्सिंग कॉलेजातली सुलक्षणा सिस्टर मनाने लोणी आणि तोंडाने फटाका. कुणाचं म्हातारपण धडधाकट जातं आणि का, यावर तिचं संशोधन चालू होतं. त्यासाठी ती विक्रोळीच्या चाळींतून म्हाताऱ्यांची थुंकी गोळा करायची. शरीरावर ताण किती, ते थुंकीतून मोजता येतं. उठल्याबरोबर एक नळी, अर्ध्या तासाने दुसरी. मधे चहा नाही, काम नाही, जागेवरून हलायचं नाही.

सुनंदाआजीची पहिली नळी स्वच्छ यायची, दुसरी लाल. रक्त मिसळलं की नमुना बाद. आजी मालवणकडची, मशेरीशिवाय तिची सकाळ होत नसे. त्यामुळे सुलक्षणाने आपला निष्कर्ष काढून टाकला.

"मधल्या वेळात चोरून मशेरी घासतेस ना? हिरड्यांची वाट लावलीस! उद्या परत दे."

आजीने नवी नळी पदरात घेतली. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा लाल. मग सुलक्षणा चिडली आणि तिसऱ्या दिवशी चोरी पकडायला भल्या पहाटे मला घेऊनच निघाली.

दार अर्धवट उघडं होतं. आजी पाटावर, मांडीवर नळी. समोर तिचा मुलगा सहदेव, चाळिशीचा घोडा.

"नळीत थुंकत बसतेस? चहा कोण टाकणार, तुझी नर्स?"

उलट्या हाताचा फटका आजीच्या तोंडावर बसला. डोकं भिंतीवर आपटलं. तरी ती पाटावरून उठली नाही. उठायचं नाही, असं सुलक्षणानेच बजावलं होतं.

सुलक्षणाने हातातली नमुने ठेवायची बर्फाची पेटी सहदेवच्या थोबाडावर हाणली. त्याने तिचे केस धरून कपाळ चौकटीवर आपटलं. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त येईपर्यंत. मी बोंब ठोकली, चाळ धावून आली आणि त्या नालायकाला तुडव तुडव तुडवलं. मीही दोन लाथा घातल्या, आणि बरं वाटलं. पोलीस त्याला घेऊन गेले.

सुलक्षणा आजीसमोर मटकन बसली. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती हमसून रडत होती.

"बोलायचं ना गं आजी! मी परत परत मागत राहिले आणि तू मार खात राहिलीस!"

आजीने घड्याळाकडे पाहिलं. फाटलेल्या ओठाला नळी लावली, थुंकली आणि ती लाल नळी सुलक्षणाच्या हातात दिली.

"अर्धो तास झालो गो बाये. आजची तरी चलात मा?"